चौकोन पॉझिटिव्ह

...अहो, एक कागद! दोन नाही, दीड नाही, पाठपोट नाही, एका बाजूला छापलेला एकच कागद शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पाठवायचा होता, आणि त्यापायी माझा अख्खा दिवस गेला, अर्धा आवाज गेला आणि उजव्या पायातली चप्पल गेली... चप्पल कशी गेली ते सांगतो, येतोय तिथपर्यंत, घाई करू नका, घाई करून काय होतं ते मी बघून आलोय!

तुम्हाला सांगतो, मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये हेडक्लार्क. हेडक्लार्क म्हणजे क्लार्क मी एकटाच, म्हणून हेडही मीच. बावीस वर्षं झाली. आणि या बावीस वर्षांत माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात एक फॅक्स मशीन होतं. रंगाने पिवळं पडलेलं, एक बटण तुटलेलं, पण गुणी! कागद घाला, नंबर दाबा, ते टूंऽऽ करायचं, मग किर्र्र करायचं, मग कागद या बाजूने आत ओढायचं आणि त्या बाजूने बाहेर सोडायचं. गेला! गेलेला डोळ्यांना दिसायचा! मी म्हणतो, याच्यात सुधारायला जागा कुठे आहे?

पण आमच्या डॉक्टरांना एक साडू आहेत. आता साडू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सख्ख्या भावाला माणूस एकवेळ उंबऱ्याबाहेर काढेल, पण साडूला नाही म्हणायची सोय नसते, कारण त्याला इथे नाही म्हटलं की तिकडे दोन घरांत दोन बहिणींची तोंडं फुगतात. तर हे साडू एक दिवस लॅबमध्ये आले, माझ्या मशीनकडे बघितलं आणि आजारी जनावराकडे बघून करतात तसं तोंडाने "च्च च्च" केलं.

"काय हो डॉक्टर, अजून मशीनला हाताने कागद भरवता?"

डॉक्टर ओशाळले! अहो, बावीस वर्षं रोज शंभर माणसांचं रक्त बघणारा माणूस, एका च्च-च्चला ओशाळला!

"लिनक्स घाला, लिनक्स! विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवतं!" साडू म्हणाले. "मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर ठेवू, त्याला मोडेम लावू, मोडेमला टेलिफोनची तार. बाकीचे सगळे कॉम्प्युटर नेटवर्कने त्याला जोडू. तुम्ही इथे खुर्चीत बसून प्रिंट म्हणायचं, तो तिकडे परस्पर फॅक्स करणार! जागचं उठायला नको! व्हायरस नाही, कटकट नाही, आणि लिनक्स फुकट आहे!"

फुकट म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा कसा उजळला म्हणता!

मी म्हटलं, "साहेब, आत्ता मी जागचा उठतो तो चार पावलं."

"ती चारच पावलं वाचवायची आहेत!" साडू म्हणाले.

वाचवली. तीन दिवस लॅबमध्ये भोकं पाडली. निळी वायर भिंतीवरून, निळी वायर दारावरून, निळी वायर माझ्या खुर्चीखालून. आणि जाताना म्हणतात, "ते जुनं मशीन भंगारात द्या. ते समोर असलं की माणूस पुन्हा त्याच्याकडे वळतो. परतीचे दोर कापायचे!" आणि डॉक्टरांनी कापले! त्याच संध्याकाळी भंगारवाला आला आणि माझं मशीन रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून घेऊन गेला. हा शनिवार. आणि मंगळवारी माझ्या आत्याचं ऑपरेशन!

आता आत्याचं सांगतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. मला वाढवलं आत्याने. शाळेत सोडायला ती, मार खाऊन आलो की भांडायला ती, आणि भांडून आल्यावर मला मारायलाही तीच. अशी बाई, आणि दोन वर्षांपासून गुडघा असा धरला की दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद. खिडकीत बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना वरून सूचना द्यायची. "अहो, बुटाची नाडी सुटलीय!" "ए बाई, पिशवी फाटलीय बघ, कांदे पडतील!" सगळा रस्ता तिच्यामुळे नीटनेटका चालायचा, पण तिला स्वतःला त्या रस्त्यावर पाय टाकून दोन वर्षं झाली होती. मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं, सात महिन्यांनी तारीख मिळाली. गुडघा बदलायचा. मंगळवार, दुपारी एक. सोमवारी आत्या तिकडे भरती झाली, रक्त मी स्वतः आणून आमच्या लॅबमध्ये तपासायला दिलं, मंगळवारी सकाळी साडेनऊला रिपोर्ट माझ्या हातात. उत्तम रिपोर्ट! आता तो फक्त पाठवायचा.

हॉस्पिटलात फोन केला. तिकडे नोंदणीच्या बाई. त्यांचा आवाज कसा, माहितीय? भिंतीवरची पाटी वाचून दाखवल्यासारखा.

"बाहेरचा रिपोर्ट फॅक्सनेच लागेल. बारापर्यंत आला नाही तर पेशंटची तारीख रद्द. पुढची तारीख सात महिन्यांनी."

"ईमेल केला तर?"

"फॅक्सनेच लागेल."

मी म्हटलं, हरकत काय? खुर्चीत बसूनच तर पाठवायचाय! रिपोर्ट कॉम्प्युटरवर उघडला, प्रिंट म्हटलं, नंबर घातला, हात झटकले. एक कागद! किती वेळ लागणार?

पाच मिनिटं झाली, दहा झाली. हॉस्पिटलात फोन केला. "आलेला नाही." मग मी उठलो. जागचं उठायचं नाही म्हणून बसवलेल्या यंत्रापायी जागचा उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. चार पावलं नव्हे, बावीस! मोजली मी! तर तिथे पडद्यावर रांग. फॅक्सची रांग! आणि आत्याचा कागद सतरावा! मी म्हटलं, आपली चार माणसांची लॅब, हे पुढचे सोळा कोण? बघतो तर सोळाच्या सोळा साडूंचे! शनिवारी चाचणी म्हणून स्वतःच्या घरी पाठवलेले. मजकूर काय? "नमस्कार, ही चाचणी आहे." हे एकच वाक्य सोळा वेळा, आणि एकही गेलेला नाही! यंत्र शनिवारपासून एकेक कागद बारा-बारा वेळा लावून बघतंय, थकलं की दुसरा घेतंय, सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून! जिद्द बघा!

तेवढ्यात बाहेर माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पळत आलो. म्हटलं, हॉस्पिटल. तर एक बाई.

"तुमचा नंबर माझ्या फोनवर दिसतोय, म्हणून केला. तुमच्यात माझ्या कानात कोण किंचाळतं?"

"कोण किंचाळतं?"

"शनिवारपासून दर थोड्या वेळाने कोणीतरी फोन करून किंचाळतं! मी इथे गाण्याचा क्लास घेते. माझ्या विद्यार्थिनी घाबरल्यात. आणि किंचाळायचंच असेल तर एका पट्टीत किंचाळा ना! आधी एक बारीक सूर, मग दोन बेसूर, मग घसा बसल्यासारखी खरखर. याला काय म्हणायचं?"

"बाई, याला फॅक्स म्हणायचं."

कुठल्या गावाहून बोलता विचारलं, तर इथून दोनशे किलोमीटर! मग माझी ट्यूब पेटली. परगावी फोन करताना पुढे शून्य लावतात ना, तसा साडूंनी यंत्राला शिकवलाय की प्रत्येक नंबराआधी शून्य लाव. म्हणजे शेजारच्या गल्लीत फॅक्स करायचा तरी यंत्र तो परगावीच नेणार! त्यांच्याच घरचा नंबर शून्य लावून त्या गाण्याच्या बाईंकडे!

म्हणजे मला काय करायचं? सोळा कागद काढायचे आणि एक शून्य काढायचं. सोपं! पुन्हा मागच्या खोलीत. यंत्राला म्हटलं, हे सोळा काढ. यंत्र म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही.

मला! हेडक्लार्कला! बावीस वर्षं!

मोबाइलवरून साडूंना फोन लावला. उचलला एका मुलीने. "हॅलो, दातांचा दवाखाना. साहेब आत आहेत. त्यांचं रूट चालू आहे."

"म्हणजे?"

"रूट कॅनल. भूल दिलीय, बोलता येत नाही. काही निरोप?"

घड्याळात सव्वादहा. मी म्हटलं, "ताई, माझी आत्या ऑपरेशनच्या दारात आहे, त्यांना म्हणावं मला परवानगी पाहिजे!" ती आत गेली, आणि मला ऐकू आलं, मागून घुर्रर्र मशीन चाललंय आणि त्यात साडू बोलतायत. अर्धं तोंड बधिर! "हूहो हाहा! हूहो!"

मुलगी म्हणाली, "ते म्हणतायत, सूडो टाका."

"सोडू? काय सोडू?"

"सोडू नाही, सूडो."

"साडू? साडू तर तेच!"

"अहो, सूडो! एस, यू, डी, ओ!"

टाकलं. यंत्राने इंग्रजीत काय लिहिलं, सांगू? एक अक्षर खोटं नाही. लिहिलं, तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची तक्रार करण्यात येईल! मला घाम फुटला. कोणाकडे करणार? कोण आहे वर? मी खुर्चीतून उठून उभा राहिलो! आत्याच्या गुडघ्यापायी आता मला धरून नेतात की काय!

"ताई, ते तक्रार करतायत माझी!"

पुन्हा आत घुर्रर्र, पुन्हा हूहू. "ते म्हणतायत, घाबरू नका. यंत्राच्या मालकाचं नाव रूट असतं, रूट म्हणून आत जा."

"अहो, रूटमध्ये ते आहेत ना?"

"ते इथे आहेत. तुम्ही तिकडे रूट व्हा. आणि पासवर्ड टाका."

"काय पासवर्ड?"

मुलगी विचारायला आत गेली. मशीनसुद्धा थांबलं. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "ते म्हणतायत... चिमणी."

"कोण चिमणी?"

"पासवर्ड, चिमणी! घरी ते बाईसाहेबांना म्हणतात वाटतं." आणि मागून दाताचे डॉक्टर हसले. मी ऐकलं!

"इंग्रजीत ना? पण चिमणी मोठी का छोटी? अक्षरं हो, अक्षरं!"

"थांबा. ...डोकं मोठं, बाकी छोटी."

टाकली. पडद्यावर काही उमटेना! एक टिंब नाही, फुली नाही. म्हटलं, कळ बिघडली. पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. तीन चिमण्या झाल्या, यंत्राने मला बाहेर काढलं. दवाखान्याच्या मुलीने विचारून सांगितलं की ती दिसत नसते. दिसत नसली तरी असते! म्हटलं, मी लॅबमध्ये काम करतो की मठात?

असो. चौथ्या चिमणीला आत गेलो. एकेक अक्षर विचारत, त्या बिचाऱ्या माणसाचा दात उघडा ठेवून, सोळा कागद काढले, शून्य काढलं. आणि तुम्हाला सांगतो, मोडेमचे दिवे लागले, टूंऽऽ झालं, किर्र्र झालं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! पडद्यावर आलं, यशस्वी! वाजले होते साडेदहा. मी हॉस्पिटलात फोन केला.

"आला ना हो, बाई?"

"आला."

"आहे ना सगळं?"

"आहे. चौकोन आहेत."

"काय आहेत?"

"चौकोन. पेशंटचं नाव, चौकोन चौकोन चौकोन. वय बासष्ट. डॉक्टरांचं नाव, सात चौकोन. खाली शेरा, तीन ओळी, सगळे चौकोन."

मराठी! अहो, आमच्या रिपोर्टवर मथळे, आकडे नि चिन्हं इंग्रजीत, पण आत भरलेला मजकूर मराठीत! माझ्या कॉम्प्युटरवर मराठी दिसते, त्या मागच्या खोलीतल्याला मराठी अक्षरंच माहीत नाहीत! जे अक्षर ओळखता येईना, त्याच्या जागी त्याने चौकोन काढला! आणि वर म्हणतो यशस्वी!

"बाई, रक्तगट तरी वाचता येतोय का?"

"येतोय ना," बाई म्हणाल्या, त्याच पाटीच्या आवाजात. "चौकोन पॉझिटिव्ह."

आणि त्यांच्यामागून दुसरा आवाज. आत्याचा! बाईंच्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीवर आणून ठेवली होती तिला, कागद आला की लगेच आत न्यायला. फोन तिने ओढूनच घेतला असणार.

"अरे ठोंब्या, सकाळपासून उपाशी ठेवलंय मला! एक कागद पाठवता येत नाही तुला?"

"आत्या, येतोय गं कागद..."

"हे म्हणतायत तारीख जाणार. सात महिने रे..." एवढंच म्हणाली आणि थांबली. तुम्हाला सांगतो, ती बोलत होती तोवर मला काही वाटलं नाही, ती गप्प झाली तसा मी ताडकन उठलो. कारण ती गप्प बसत नाही. मी तिला आयुष्यात गप्प ऐकलेलीच नाही!

मग मी काय केलं? रिपोर्ट साध्या प्रिंटरवर छापला, डॉक्टरांची सही घेतली, शिक्का मारला, शर्टाच्या आत घातला आणि पळालो. आमच्या कोपऱ्यावर फॅक्सचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणून बस! चालत्या बसमध्ये चढलो, एक चप्पल रस्त्यावर राहिली. राहू दे! पाऊण तास एका पायावर उभा, कारण अनवाणी पायावर पाय पडायचे. तिकडे पोचलो, पळत गेलो, बाईंच्या टेबलावर कागद ठेवला. अकरा बेचाळीस! सही आहे, शिक्का आहे, नाव स्वच्छ मराठीत! म्हटलं, घ्या!

बाईंनी कागदाला हात लावला नाही. मान तिरकी करून लांबून वाचला. म्हणाल्या, "छान आहे. पण हा फॅक्स नाही."

"बाई, हा मूळ कागद आहे! फॅक्स म्हणजे याची नक्कल!"

"आमच्याकडे नक्कलच घेतात. बाहेरचा कागद फॅक्सच्या नोंदवहीतच चढतो. हातात आलेल्या कागदाला रकाना नाही."

"मी स्वतः आणलाय!"

"माणसालाही रकाना नाही."

आत्या चाकाच्या खुर्चीत बसून आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "चप्पल कुठंय?" मी म्हटलं, नंतर सांगतो. ती बाईंना म्हणाली, "अहो, मी याला लहानपणापासून ओळखते, हा खोटा कागद आणण्याइतका हुशार नाही!" झालं! आत्याने बाजू घेतली की माणूस असाच वर येतो!

तर बाईंनाच कीव आली. हळूच म्हणाल्या, "समोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्याकडे मशीन आहे. सगळे तिथूनच करतात."

सगळे! म्हणजे मी पहिला नव्हतोच! रस्ता ओलांडला. दुकानदार शांत. माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "रिपोर्ट ना? द्या." आणि त्याच्याकडे मशीन, तुम्हाला सांगतो, माझ्या मशीनचा सख्खा भाऊ! पिवळं पडलेलं! टूंऽऽ, किर्र्र, कागद या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर... आणि मग पीं पीं पीं.

"काय झालं?"

"तिकडचं मशीन घेत नाही. त्यांच्यात कागद संपला असणार. रोज संपतो. माझ्या मशीनने तुमचा कागद वाचून ठेवलाय, मी लावत राहतो. तुम्ही जा आणि त्यांना कागद घालायला सांगा."

अकरा पन्नास. पुन्हा रस्ता. "बाई, तुमच्या मशीनमध्ये कागद नाही!"

"स्टोअरकीपर जेवायला गेलेत. कागद कुलपात आहे."

"एक कागद नाही तुमच्याकडे? एक? एवढं मोठं हॉस्पिटल!"

"आहेत ना. ते सगळे छापील फॉर्म आहेत. कोरा कागद स्टोअरमध्ये."

अकरा चौपन्न. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग माझ्या हातात बघितलं. अहो, एक कागद होताच की! एका बाजूला छापलेला! पाठ कोरी! मी पुढे झालो, त्यांच्या मशीनचा खालचा कप्पा ओढला आणि आत्याचा रिपोर्ट, सही-शिक्क्यासकट, पालथा घालून आत ढकलला. बाई "अहो अहो" म्हणेपर्यंत फोन वाजला, टूंऽऽ झालं, किर्र्र झालं, आणि तोच कागद बाहेर आला. पुढच्या बाजूला रिपोर्ट, पाठीमागे त्याच रिपोर्टचा फॅक्स! नक्कल आपल्या अस्सलाच्या पाठीवर बसून आली!

बाईंनी कागद उचलला. आता हात लावला! अस्सल बाजू खाली केली, नक्कल वर केली, थोडी अंधुकच होती, वाचली, शिक्का मारला, वहीत वेळ लिहिली. अकरा सत्तावन्न.

"आला बघा," म्हणाल्या. "एवढ्यासाठी सकाळपासून किती धावपळ!"

आत्याला आत नेलं. दार बंद होईपर्यंत तिचा आवाज येत होता, खुर्ची ढकलणाऱ्याला सांगत होती की उजव्या चाकाला तेल घाल. तीन तास मी एका चपलेवर त्या बाकड्यावर बसलो. मग डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, उत्तम झालं. आणि मी, काय सांगू, पन्नाशीचा माणूस, भिंतीकडे तोंड करून रडलो.

परवा दीड महिना झाला. आत्या स्वतः जिना उतरून खाली आली. काठी घेऊन, पण उतरली. आता सूचना समोरासमोर देते. म्हटलं, सार्थक झालं! तर दमून कट्ट्यावर बसली आणि म्हणते कशी, "हा गुडघा कसा छान झाला रे! डॉक्टर म्हणाले, दुसराही करून टाकू. मी तारीख घेऊन ठेवली."

मी म्हटलं, "आत्या, दुसरा चांगला आहे गं! जपून वापर ना!"

"तू कशाला काळजी करतोस? त्या नोंदणीच्या बाईंनी आपणहून सांगितलंय, रिपोर्ट तुमच्या भाच्याकडूनच येऊ द्या. इतक्या लोकांत फॅक्सची नीट सवय असलेला तो एकच माणूस आहे."